‘आधी वजन कमी करा’ म्हणणाऱ्या ‘रोज चाळीस’ यांना

प्रतिक्रियेच्या चौकटीत हे मावेना, म्हणून वेगळं टाकते आहे.

मागच्या आठवड्यात मी बॅटरीवरची सायकल कशी निवडली ते लिहिलं होतं. वय ६१, वजन १०४ किलो, उजवा गुडघा जेमतेम वाकणारा, अशा बाईने काय बघावं, काय सोडून द्यावं, एवढाच विषय. बऱ्याच जणांनी, विशेषतः जणींनी, छान लिहिलं. आणि मग रात्री पावणेबाराला ‘रोज चाळीस’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: २५० वॅटची मोटर शंभर किलोच्या माणसाला चढावर नेत नाही, शाळेतल्या फिजिक्सनेही हे कळतं, काकूंनी बॅटरी मोजायच्या अँपिअर-अवर आणि वॅट-अवर या मापांचा गोंधळ केलाय, थ्रॉटल (पायडल न मारता मुठीने मोटर चालवायची सोय) असलेली सायकल म्हणजे मोपेड, तिला लायसन्स लागतं, लेबलवरची वजनमर्यादा ‘फार मनावर घेऊ नका’ असं लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे, त्यापेक्षा तीनचाकी घ्यावी. आणि शेवटी: ‘खरं सांगू का काकू, आधी दहा-पंधरा किलो कमी करा, मग साधी सायकलसुद्धा चालवता येईल आणि ४२ हजार वाचतील.’

काकू म्हणालात त्याचं काही नाही. आहेच मी काकू. पण ‘खरं सांगू का’ने सुरू होणारं वाक्य मी बँकेच्या काउंटरवर ३८ वर्षं ऐकलं आहे आणि त्याच्यामागून आजवर कधीही काही चांगलं आलेलं नाही.

आधी चूक कबूल करून टाकते, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. बॅटरी ‘१० वॅट-अवर’ असं मी लिहिलं होतं. ती १० अँपिअर-अवर आहे, ३६ व्होल्टची, म्हणजे ३६० वॅट-अवर. १० वॅट-अवरमध्ये सायकल एक किलोमीटरही जाणार नाही. चूक माझी, दुरुस्त केली, आभार. शाळेतल्या फिजिक्सचा टोमणा मात्र परत घ्या. १९८५ साली माझं बी.एस्सी. फिजिक्समध्येच झालं आहे. (होय, म्हणूनच ती चूक जास्त लागली.)

आता ते शेवटचं वाक्य.

तुम्ही धरून चालला आहात की बाई जाड झाली, म्हणून गुडघा गेला, म्हणून तिला मोटर लागते. क्रम उलटा आहे हो. आधी गुडघा, मग वजन. २००९ साली सिग्नलला वळताना एका रिक्षाने माझ्या स्कूटरला बाजूने धडक दिली. नडगीच्या हाडाचं वरचं टोक फुटलं, अगदी सांध्यात. प्लेट, सात स्क्रू, तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही. तेव्हा माझं वजन ६८ होतं. पुढे फिजिओथेरपी केली, रडत रडत केली, पण गुडघा ९५ अंशांवर जो अडला तो अडलाच. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, नाटकाला गेले तर कडेची खुर्ची लागते. चालणं कमी झालं, काउंटरवर बसणं वाढलं, त्यात पाळी जाण्याचं वय. ६८ चे १०४ असे झाले. उद्या मी ५४ किलोची झाले तरी हा गुडघा ९५ च्या पुढे एक अंश वाकणार नाही. कारण तो चरबीने अडलेला नाही.

आणि साधी सायकल मला ‘चालवता येईल’ म्हणता, तर पायडल वरच्या टोकाला येतं तेव्हा गुडघा किती वाकतो, कधी मोजलंय? रोज चाळीस किलोमीटर मारणाऱ्याला मोजायची गरज पडत नाही. साधारण ११० अंश लागतात. माझ्याकडे ९५ आहेत. मधले पंधरा अंश मी आणायचे कुठून?

ते आणले क्रँकमधून. क्रँक म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा. मोठ्यांच्या सायकलला तो बहुधा १७० मिलिमीटरचा असतो. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने १४० चा शोधून बसवला. म्हणजे वर आलेलं पायडल ३ सेंटिमीटर खाली राहिलं. खालचं पायडल ३ सेंटिमीटर वर राहिलं, म्हणून सीट तेवढी उचलता आली. मिळून ६ सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहिल्यांदा पाय पूर्ण गोल फिरला तेव्हा मी त्या दुकानात सगळ्यांदेखत रडले. १९८२ ते ८५ मी सदाशिव पेठेतून कर्वे रस्त्यावरच्या कॉलेजात रोज सायकलने जात होते, तेव्हा पाय गोल फिरतो याचं कुणाला कौतुक?

यात फुकट काहीच नसतं. दांडा आखूड केला की प्रत्येक फेरीला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो जोर माझ्याकडे नाही. म्हणून मोटर. मोटर हौस म्हणून आलेली नाही, आखूड दांड्याची भरपाई म्हणून आली आहे. पोस्टमध्ये हे होतं, चौथ्या परिच्छेदात.

सीट वर गेली की आणखी एक पंचाईत. बसल्या जागेवरून पाय जमिनीला पोचत नाहीत. इथे सायकलचा आकार कामाला येतो, ज्याला तुम्ही लोक ‘लेडीज सायकल’ म्हणून नाक मुरडता. सांगाड्याचा पुढचा दांडा खाली वाकवलेला असला की थांबताना सीटवरून पुढे उतरून दोन्ही पायांवर उभं राहता येतं. वजन जास्त असलेल्याला हे फार महत्त्वाचं, कारण आमचा तोल एकदा कलला की तो एका पायावर सावरत नाही. आणि चढताना टांग मारावी लागत नाही. त्यातही माझी गंमत आहे. सगळं जग सायकलवर डावीकडून चढतं, उजवा पाय पलीकडे टाकतं. माझा उजवाच अडलेला. मग मी उजव्या बाजूने, चेनच्या बाजूने चढायला शिकले. पहिल्या आठवड्यात दोन सलवारी ग्रीसने गेल्या, तेव्हा चेनला पूर्ण कव्हर बसवून घेतलं. दुकानातला मुलगा मला डावीकडून चढवायला तीनदा पुढे आला. तो वयाने विशीचा होता, त्याला माफ.

थ्रॉटलबद्दल. काही महागड्या सायकलींना पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो: तुम्ही जितकं दाबाल तितकी मोटर देते. तुमच्यासारख्यांना तेच आवडतं, सायकल चालवल्यासारखं वाटतं म्हणे. पण सिग्नल सुटला की पहिला दाब द्यायचा कुणी? हा गुडघा? माझ्या सायकलला फक्त पायडल फिरतंय की नाही एवढंच बघणारा सेन्सर आहे. तो अर्धी फेरी झाल्यावर जागा होतो. ती अर्धी फेरी थ्रॉटल काढून देतं. सुटले की थ्रॉटल सोडते आणि पाय फिरवते. युरोपात असं पूर्ण थ्रॉटल चालत नाही, मोटरने पायडल मारतानाच मदत करायची आणि ताशी २५ ला थांबायचं, हे मला माहीत आहे. मी कोथरूडला राहते.

लायसन्सचं तर साफ चूक आहे तुमचं. मोटर पाव किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशा बॅटरीच्या वाहनाला आपल्या केंद्रीय नियमांत मोटार वाहन धरतच नाहीत. लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. वाहन या नियमात बसतं की नाही याच्या चाचण्या ज्या संस्था करतात त्यातली एक, एआरएआय, आमच्या मागच्या टेकडीवरच आहे. या एका मुद्द्यावर तुम्ही मला ‘माहिती घेऊन लिहीत जा’ म्हणालात, म्हणून जरा लांबवलं.

मोटरचं गणित. मी १०४, सायकल २४, भाजीची पिशवी ४. एकूण १३२ किलो. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ, ताशी १० किलोमीटर वेग. वर चढायला १८० वॅट, टायरच्या घर्षणाला तीसेक. सव्वादोनशेच्या आत बसतं, आणि त्यात माझे पायही थोडे देतात. शाळेतलंच फिजिक्स आहे. चाकातली मोटर हळू वेगात तेवढी ताकद देत नाही, तापते, हेही खरं, आणि चांदणी चौकाच्या चढावर मी खाली उतरून ढकलते. मग? मंडईपर्यंत जाऊन येते ना. कंपनी एका चार्जिंगला ५० किलोमीटर म्हणते, मला २५ मिळतात. पुरतात. प्रत्येकाला रोज चाळीस लागत नाहीत.

तीनचाकी आमच्या जिन्याखाली मावत नाही. संपलं.

राहता राहिली वजनमर्यादा. याला तुम्ही ‘बेजबाबदारपणा’ म्हणालात. शब्द जड आहे. लेबलवर ‘कमाल भार ११० किलो’ एवढंच छापलंय. तो फक्त बसणाऱ्याचा की पिशवी, कॅरिअर, सायकल सगळं धरून, याचा तिथे पत्ता नाही. बसणाऱ्याचा धरला तर मी पिशवीसकट १०८, म्हणजे आतच आहे. सगळ्याचा धरला तर, ठीक आहे, १३२ होतात. पण दुकानदाराने मला बघूनच विकली ना? मी काय बुरख्यात गेले नव्हते. पहिल्या महिन्यात मागच्या चाकाचे दोन आरे तुटले हे खरं आहे, पण आरे कुणाचेही तुटतात. सायकलवाल्याने सगळे आरे काढून जाड, १३ गेजचे टाकले, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून दिला, त्यानंतर काही नाही. हे पोस्टमध्ये नव्हतं कारण पोस्ट आधीच लांबली होती.

तरी ‘फार मनावर घेऊ नका’ ही ओळ मी काल काढली. तुमच्यासाठी नव्हे. पोस्टखाली एका ताईंनी विचारलं होतं, ‘मी १२६ आहे, घेऊ का हीच?’ आणि त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. मग दुकानदाराला फोन केला, ११० मध्ये काय काय धरायचं ते विचारलं. म्हणाला, ‘मॅडम, चालतंय हो, बिनधास्त.’ म्हटलं, हेच मला कागदावर सही-शिक्क्याने द्या. तर म्हणाला, ‘कंपनीला विचारून उद्या सांगतो.’

ही गोष्ट सोमवारची. आज शनिवार आहे. ताई, तूर्त थांबा.