सूर्य फुकट, केबल वेगळी

सूर्य फुकट आहे असं ज्याने पहिल्यांदा सांगितलं, त्याला केबल विकत घ्यावी लागली नसणार. मला लागली. घडीचं सोलर पॅनेल घेतलं, तर त्याच्यासोबतची केबल वीतभर निघाली. म्हणून लांब केबल. मग पॅनेल कॅरियरला बांधायला हूक, हुकांना इलॅस्टिकच्या दोऱ्या, पॉवर बँकेला पिशवी, आणि या घटकेला उन्हातून नेमके किती वॅट येताहेत ते दाखवणारा काडेपेटीएवढा मीटर. ५००० एमएएचचा फोन रोज शून्यापासून शंभरपर्यंत भरला तरी वर्षाला दहा युनिट वीज लागत नाही. म्हणजे मी जेवढे पैसे घातले, तेवढ्यात घरच्या बोर्डावरून हा फोन, याच्या पुढचा फोन आणि बहुधा नातवाचा पहिला फोनही चार्ज झाला असता. पण घरचा बोर्ड सायकलवर नेता येत नाही, असं मी मेहुण्याला सांगितलं.

"दाजी," तो म्हणाला, "कोकणात बोर्ड असतात."

आम्हा दोघांचा बेत होता कोकणातल्या सागरी रस्त्याने, सायकलवरून, गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत जायचा. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकली चढवायच्या, मांडव्याला उतरायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे सरकत राहायचं. डिसेंबर महिना, आभाळात ढग नाही. सौरऊर्जेवर प्रवास करायला याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडला नसता.

सायकलला चार्जिंग कशाला, हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीने विचारला तर तो रास्त आहे. त्यांच्या सायकलीला टायरवर घासणारा डायनॅमो असायचा. पाय मारले की दिवा, थांबले की अंधार. हिशेब तिथल्या तिथे मिटायचा. आमच्या सायकलीवर फोन, नकाशा दाखवणारा सायकल कॉम्प्युटर, पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, हेल्मेटवरचा कॅमेरा, इअरफोन, कपाळाला बांधायची टॉर्च आणि घड्याळ असा परिवार. यांतल्या निम्म्यांना टाइप-सी पिन लागते, उरलेल्यांना जुनी बारीक पिन. घड्याळाला पिनच चालत नाही, त्याला स्वतःची चुंबकाची चकती हवी, आणि ती चकती जगात दुसऱ्या कशालाही चिकटत नाही. यातलं बाकी सगळं बंद पडलं तरी माणूस चार पायडल मारू शकतो. फोन बंद पडून चालत नाही, कारण पैसे फोनमध्ये, लॉजचं बुकिंग फोनमध्ये, आणि निघताना बायकोने घातलेली लाइव्ह लोकेशनची अटही फोनमध्ये. नकाशावरचा माझा ठिपका अर्धा तास हलला नाही की मेहुण्याचा फोन वाजायचा. तो तिचा सख्खा भाऊ असल्यामुळे "जेवतोय" असं सांगून ठेवून द्यायचा. तो खरंच जेवत असायचा. मी बाहेर पॅनेलपाशी असायचो.

पॅनेलवर २१ वॅट असं ठसठशीत लिहिलेलं आहे. खोटं नाही ते. फक्त हे २१ वॅट मोजतात ते चौरस मीटरला १००० वॅटचं ऊन सरळ काटकोनात पडत असताना, आणि पॅनेलमधल्या सौरघटांचं तापमान २५ अंश असताना. भरदुपारचं ऊन आणि सकाळचा गारवा एकाच वेळी फक्त प्रयोगशाळेत नांदतात. काळं पॅनेल कोकणच्या उन्हात ठेवा, हात लावला तर चटका बसेल इतकं तापतं. आणि २५ च्या वर चढलेल्या प्रत्येक अंशामागे सिलिकॉनचा घट साधारण ०.४ टक्का वीज कमी देतो. ज्याने उन्हावरच जगायचं त्यालाच उन्हाचा त्रास व्हावा, याला काय म्हणावं? मुरूडच्या किनाऱ्यावर मी पॅनेल हातात धरून सूर्याकडे तोंड करून उभा राहिलो तेव्हा मीटर १४ दाखवायचा. तोच आकडा मी घरी फोटो काढून पाठवला. सायकलवर बांधल्यावर ६ दिसले तर मी शीळ घालायचो.

आणि बरेचदा ३. याचं कारण मला श्रीवर्धनच्या पुढे कळलं. कारण मीच होतो.

डिसेंबरात आमच्या त्या पट्ट्यात, म्हणजे सतरा-अठरा अंश अक्षांशावर, सूर्य बारा वाजतासुद्धा डोक्यावर येत नाही. दक्षिणेकडे कलतो आणि क्षितिजापासून पन्नासेक अंशांवरून परत फिरतो. आम्ही निघालेलो दक्षिणेला. म्हणजे ऊन तोंडावर, सावली पाठीमागे, आणि पाठीमागे कॅरियरवर पॅनेल. दुपारचं सगळ्यात दणकट ऊन माझ्या पोटावर पडून वाया जात होतं. मग मी छाती हँडलला टेकवून, शर्यतीतल्यासारखा आडवा होऊन चालवू लागलो. मीटर ३ वरून ५ वर गेला! बरा चालवणारा माणूस पायडलवर शंभरेक वॅट सहज लावतो. असे शंभर वॅट खर्चून, वर मान आणि कंबर गहाण टाकून, मी दोन वॅट वसूल करत होतो.

मेहुण्याने हे भूगोलाचं प्रकरण शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, म्हणजे आपण गोव्याहून मांडव्याला यायला हवं होतं."

त्याचं चूक नव्हतं, हीच पंचाईत.

सकाळी सूर्य डाव्या हाताला, पण तिकडे डोंगर. तो डोंगरावरून डोकं काढेपर्यंत आमचा नाश्ता व्हायचा. उरलेला वेळ नारळ-पोफळी, सुरूचं बन, आमराई. साध्या सायकलस्वाराला अशी सावली आली की बरं वाटतं. मला गलबलून यायचं. सुरुवातीला मी फोन थेट पॅनेलला जोडला होता. गुहागरच्या वाड्यांमधून जाताना दर दहा फुटांवर ऊन, सावली, ऊन, सावली. आणि दर वेळी ऊन आलं की फोन "टुंग" करून जागा व्हायचा, चार्जिंग सुरू झाल्याची वार्ता पूर्ण उजेडात पडद्यावर दाखवायचा, आणि सावली आली की पुन्हा झोपायचा. गाव संपेपर्यंत त्याच्यातली दोन टक्के बॅटरी ही आनंदवार्ता देण्यातच संपलेली. तेव्हापासून मधे पॉवर बँक. ती आवाज करत नाही. तिच्यावर चार ठिपके आहेत, त्यांतला एक लुकलुकतो. पुढे १०,००० एमएएच असा आकडा आणि मागे मुंगीच्या अक्षरांत ६,००० च्या आसपासचा, कारण आतला घट ३.७ व्होल्टचा, बाहेर द्यायचे ५ व्होल्ट, आणि मधली दलाली निराळी. तो मागचा आकडा मी मेहुण्याला दाखवला नाही.

खरी परीक्षा जेवणाच्या सुट्टीत. दीड-दोन तास चाक थांबलेलं, सूर्य जोरात, पॅनेल नीट तोंड करून लावता येतं. पण मग खानावळ निवडायची ती उन्हावरून. दाभोळला एका ठिकाणी सुरमई ताजी होती आणि अंगणात फणस होता. आम्ही पुढे गेलो. पुढच्या ठिकाणी फणस नव्हता आणि सुरमईही नव्हती. मेहुणा आत पंख्याखाली बसला. मी दारातल्या एकमेव उन्हातल्या खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते हे शाळेत शिकलो होतो; सोलकढीची वाटी हातात धरून अनुभवलं. अर्ध्या तासात मीटर उतरायला लागतो, मग उठायचं, पॅनेल सरकवायचं, हात धुवायचे, पुन्हा बसायचं. एकदा उठायला दोन मिनिटं उशीर झाला तर मीटर शून्यावर. बघतो तर पॅनेलवर मांजर. ऊबदार, काळं, किंचित कललेलं. तिची काही चूक नाही. ती सगळ्या पॅनेलभर पसरली नव्हती, एका कोपऱ्यात होती. पण घट एकामागे एक साखळीने जोडलेले असतात, एकाची वाट अडली की मागच्या-पुढच्यांचीही अडते. मी तिला उठवलं. ती जाऊन मेहुण्याच्या पायाशी बसली आणि तिला काटे मिळाले.

मेहुण्याची पद्धत मी नोंदवून ठेवली आहे. हात धुवायला जाताना तो आत डोकावतो आणि म्हणतो, "वहिनी, जरा चार्जिंगला लावू का?" वहिनी मिक्सरची पिन काढून देतात. एवढीच पद्धत. त्याला मीटर लागत नाही.

एकदा मात्र आंजर्ल्याला रात्री लाईट गेली. मेहुण्याच्या फोनला नऊ टक्के. काळोखात तो माझ्या खाटेपाशी आला आणि नेहमीपेक्षा बऱ्याच मऊ आवाजात म्हणाला, "दाजी." हा क्षण यावा म्हणूनच मी ते ओझं घाट चढवून आणलं होतं. मी पॉवर बँक काढली. एक ठिपका, तोही लुकलुकणारा. दिवसभराची कमाई संध्याकाळी इअरफोन, कपाळावरची टॉर्च आणि त्या चुंबकाच्या चकतीने आपसांत वाटून घेतली होती. मेहुण्याचा फोन नऊवरून तेरावर गेला आणि लाईट आली.

फोनचं तापणं हे आणखी एक दुखणं. पॅनेलपाशी पॉवर बँक उन्हात राहिली की चटके देते, फोन तर सरळ "तापमान जास्त आहे" म्हणून चार्जिंग घ्यायचं नाकारतो. लिथियमच्या बॅटरीला ऊन सोसत नाही. म्हणून पॅनेल उन्हात आणि बॅटरी पॅनेलच्याच सावलीत, अशी मांडणी करावी लागते. यात कमीपणा मानायचं कारण नाही. सोलर इम्पल्स २ हे विमान मार्च २०१५ मध्ये अबू धाबीहून जगप्रदक्षिणेला निघालं, आपल्या अहमदाबादलाही उतरलं होतं. पंखांवर आणि पाठीवर १७,२४८ सौरघट. जुलैत जपानहून हवाईला पोचलं तेव्हा त्याच्या बॅटऱ्या तापून खराब झाल्या होत्या. ते प्रदक्षिणेला पुन्हा निघालं एप्रिल २०१६ मध्ये. हे मी मेहुण्याला जयगडच्या चढावर सांगितलं. तो म्हणाला, हवाईला थांबावं लागलं तर त्याचीही तक्रार नाही.

त्याच चढावर त्याने डायनॅमोचा विषय काढला. पुढच्या चाकाच्या हबमध्ये बसणारा डायनॅमो मिळतो, ६ व्होल्ट, ३ वॅट. ऊन नको, सावलीचं भय नको. पण ते ३ वॅट मिळायला ताशी पंधरा किलोमीटर वेग लागतो. कोकणात प्रत्येक खाडीला उतरून फेरी गाठायची आणि पलीकडे पुन्हा चढायचं. चढावर आमचा वेग असा, की वाटेतली बकरी आमच्याकडे वळून बघत पुढे जायची.

देवगड मागे टाकून कुणकेश्वरच्या रस्त्यावर एका घरासमोर पॅनेल पसरून बसलो होतो. वर कावळे, म्हणून हातात काठी. एक आजी बाहेर आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या.

"काय रे, पापड सुकत घातलंस काय?"

मी सगळं समजावलं. ऊन, घट, वॅट, पॉवर बँक. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मगे घरात ये, बोर्ड आसा. उनात कित्याक करपतंस?"

मेहुणा आत आधीच चहा पीत होता.

तेरेखोलच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा, का कोण जाणे, पण चारही ठिपके स्थिर पेटले होते. ना मांजर, ना माड, मधला पट्टा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, आणि वळणांमुळे सूर्य बराच वेळ बाजूला राहिलेला. पॉवर बँक पूर्ण भरली! पण फोन आजींच्या बोर्डावरून आणि पुढच्या मुक्कामी भरून निघालेला, दिवे भरलेले, कॅमेरा भरलेला, घड्याळसुद्धा शंभर. फेरीबोट केरीकडे निघाली, डेकवर रणरणतं ऊन, मीटर ११ वर, आणि त्या अकरा वॅटना जायला जागा नाही. माझा जीव कासावीस झाला. मी डेकवरच्या एकेकाला विचारत सुटलो, कुणाला चार्जिंग हवंय का, चार्जिंग? कॉलेजची दोन पोरं हसली. स्कूटरवाल्या बाईंनी माझ्याकडून काही विकत घ्यायचं नाही हे ठामपणे सांगितलं. शेवटी कठड्याला टेकलेल्या एका काकांनी दया येऊन खिशातून फोन काढला. बटणांचा. मी सगळ्या पिना लावून बघितल्या, चकतीसुद्धा.

"ऱ्हांव दे," काका म्हणाले, "आयतवारी केलंय चार्जिंग. आता फुडल्या आयतवाराक."