गुडघ्याला ओळंबा

आज सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नवा कागद लागलाय. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पार्किंगमध्ये कोणीही शरीराची मोजमापे घेऊ नयेत. तसेच सोसायटीचे दप्तर वैयक्तिक कामासाठी वापरू नये.’ खाली शिक्का, सही, तारीख. नाव कुणाचंच नाही. पण बोर्डासमोर दोघं जण हसत उभे होते, ते मला बघून एकदम गंभीर झाले आणि पाणीकपातीची सूचना वाचायला लागले. ती गेल्या महिन्याची आहे.

तर झालं असं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालायचा कंटाळा म्हणून मी सायकल घेतली. दुकानातल्या पोरानं मला खालून वर एकदा बघितलं आणि म्हणाला, ‘‘सर, तुम्हाला साडेसत्तावीस.’’ हे चाकाचं माप. उंची विचारली नाही, पायाची लांबी विचारली नाही, फ्रेम कोणत्या मापाची ते सांगितलं नाही. चप्पल घ्यायला गेलेल्या माणसाच्या डोक्याचा घेर मोजावा तसलाच हा प्रकार. वर, ‘‘रेड घ्या सर, रेडला डिमांड आहे.’’

लाल सायकलीवरून मी खडकवासल्याला जायला लागलो आणि अंग ठिकठिकाणी बोलायला लागलं. उजव्या गुडघ्याची वाटी पुढून दुखायची. डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, इतकं की घरी आल्यावर शर्टाचं बटण लावायला दुसरा हात लागायचा. तिसऱ्या जागेचं दुखणं मी डॉक्टरांनासुद्धा खुणेनंच सांगितलं.

यावर सगळ्यांचं औषध एकच : ‘‘सवय होईल.’’ बायको म्हणाली, भाऊ म्हणाला, ऑफिसातला शिपाई म्हणाला. दुकानदारानं मात्र जेलचं सीट कव्हर गळ्यात मारलं. त्याच्यावर बसलं की पहिली पाच मिनिटं गादीवर बसल्याचं सुख, आणि मग बसायची दोन हाडं त्या जेलात रुततात, मधला भाग वर येतो आणि जिथे भार नको नेमका तिथेच दाबतो. धरणाच्या चौपाटीवर कांदाभजी खात उभ्या असलेल्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतल्या एका तरुणानं मला गादीवाल्या चड्डीचा सल्ला दिला. इथवर ठीक. पण ‘‘काका, आत काही घालायचं नसतं हां!’’ हे त्यानं भजीवाल्याच्या कढईवरून ओरडून सांगायची गरज नव्हती. भजीवालाही थांबून माझ्याकडे बघायला लागला.

शेवटी मी स्वतः वाचलं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर माणूस पुढे घसरतो, सगळा भार हातांवर येतो आणि तळव्याच्या कडेनं जाणारी नस दबून करंगळी झोपते. नाक वर असेल तर तिसऱ्या जागेची नस. यात कुठेही ‘सवय होईल’ असं लिहिलेलं नव्हतं. तेव्हा रविवारी सकाळी अ‍ॅलन की घेऊन मी पार्किंगमध्ये बसलो. सीटचा बोल्ट सैल केला, एवढंच. आणि मागून आवाज आला.

‘‘काय खुडबुड चाललीय?’’

हे दुसऱ्या मजल्यावरचे काका. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांच्या अखत्यारीत सोसायटीची गळकी टाकी आणि आम्ही एवढंच उरलंय.

‘‘सीट वर करतोय, काका. गुडघा दुखतोय.’’

‘‘किती वर?’’

‘‘थोडीशी.’’

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘‘थोडीशी म्हणजे किती सूत?’’

मी काही बोलायच्या आत ते वर गेले आणि एक निळी कापडी पिशवी घेऊन खाली आले. पिशवीत पितळी ओळंबा, पाणसळ, मीटर टेप. कानावर सुताराची चपटी पेन्सिल. वरून काकूंचा आवाज, ‘‘अहो, बीपीची गोळी राहिलीय!’’ काकांनी हात हलवला. साइटवर असताना ते गोळी घेत नाहीत.

पहिली हरकत जमिनीवर. ‘‘इथे शंभराला एक उतार दिलाय, पाणी जायला. या उतारावर सायकल उभी करून तू कसलं माप घेणार?’’ तिसऱ्या मजल्यावर फरशीचं काम चाललंय, तिथला एक तुकडा आणून पुढच्या चाकाखाली सरकवला. पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत काका जमिनीला गाल लावून होते. वॉचमनला मोबाइलचा टॉर्च धरायला उभा केला होता. दिवसाउजेडी.

मग मी तोंड उघडलं. म्हटलं, आधी जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप लागतं, भिंतीला टेकून, पायांत कडक पुठ्ठ्याचं पुस्तक वर दाबून धरायचं. काकांना हे फारच पटलं. ‘‘काटकोन पाहिजे. बरोबर आहे.’’ त्यांनी वॉचमनला सोसायटीच्या ऑफिसात पिटाळला आणि तो सर्वात जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आला : सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त.

‘‘चपला काढ. भिंतीला टाचा लाव. वही धर. वर दाब. अजून. लाजू नकोस रे, दाब!’’

पायांत लाल कापडी बांधणीची वही, पायाशी गुडघे टेकून टेप धरलेले काका, बाजूला टॉर्च, अशा अवस्थेत असताना चौथ्या मजल्यावरच्या बाई देवाची फुलं घेऊन आल्या. थांबल्या. बघितलं. काही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलंच नाही. लिफ्ट यायची वाट न बघता जिन्यानं गेल्या.

‘‘अठ्ठ्याहत्तर!’’ काका ओरडले.

पुढचं गणित त्यांनी पार्किंगच्या खांबावर केलं. मी मोबाइलवरून सूत्रं सांगत होतो. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीन वेळा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानं चालणारं सूत्र असं की, ही लांबी गुणिले 0.883, म्हणजे पेडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. आलं 68.9 सेंटीमीटर. दुसरं 1967 सालचं, हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांचं : खाली गेलेल्या पेडलपासून सीटपर्यंत लांबीच्या 109 टक्के. आलं 85. काकांनी पहिल्यात दांडीचे 17 सेंटीमीटर मिळवले : 85.9.

‘‘नऊ मिलिमीटर. एकाच माणसाच्या एकाच पायात तीन सुतांचा फरक? आमच्याकडे चौकशी लागली असती.’’

‘‘काका, हे अंदाजेच असतं.’’

काकांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. ‘‘12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं. त्यानंतर अंदाजे हा शब्द मी खात्यात कुणाला बोलू दिला नाही.’’ यावर काय बोलणार? मी पानशेतची जबाबदारी घेऊन गप्प बसलो.

आता ओळंबा. पेडलच्या दांड्या आडव्या ठेवून पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंगळापासून दोरी सोडायची, ती पेडलच्या आसावर पडली पाहिजे, असा एक नियम आहे. त्यामागे शास्त्र फारसं नाही, असंही मी वाचलं होतं. पण पितळी ओळंबा हातात घेतलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मी सायकलवर चढलो, वॉचमननं हँडल धरलं, दूध टाकणाऱ्या पोरानं मागचं चाक. काकांनी गुडघ्याला दोरी लावली.

‘‘हलू नकोस.’’

‘‘हलत नाही, काका. श्वास घेतोय.’’

‘‘घेऊ नकोस.’’

एव्हाना पोरं जमली होती. एकानं विचारलं, ‘‘अंकलना काय झालं?’’ वॉचमन म्हणाला, ‘‘मोजणी चालूय.’’ त्यावर त्याच्यापेक्षा लहान एकानं विचारलं, ‘‘विकणारेत का?’’

याच वेळी वॉचमन हळूच म्हणाला, ‘‘काका, माझा बी गुडघा धरतोय. सायकलनंच.’’ त्याची सायकल गेटपाशी असते, जुनी काळी डबलबार, त्याच्या उंचीला निदान दोन इंच जास्त. पेडल खाली गेलं की तो एका बाजूला कलतो, वर आलं की दुसऱ्या. रोज धायरीहून येतो. काका गेले, सीटच्या दांडीला पान्यानं ठोकलं, पावडर उडाली. ‘‘गंजून एकजीव झालंय. हलायचं नाही आता,’’ म्हणाले आणि माझ्या गुडघ्याकडे परत आले. वॉचमननं परत हँडल धरलं.

दोरी आसाच्या इंचभर पुढे पडत होती. म्हणजे सीट मागे. सीट मागे सरकवली तर पेडलपासूनचं अंतर वाढलं, म्हणून उंची परत कमी. आणि सीट मागे गेली म्हणून हँडल लांब वाटायला लागलं. काकांच्या कपाळावर घाम आला. ‘‘म्हणजे एक केलं की दुसरं बिघडतं?’’ मी त्यांना एडी मर्क्सची गोष्ट सांगितली. हा बेल्जियमचा गडी, पाच टूर जिंकलेला. 1969 साली ब्लवा इथल्या ट्रॅकवर अपघात झाला, कंबर कायमची दुखावली आणि मग जन्मभर सीटची उंची बदलत राहिला. चालू शर्यतीत, खिशातल्या पान्यानं. काकांनी ऐकून घेतलं. ‘‘त्याच्याकडे ओळंबा नव्हता,’’ म्हणाले.

खरं सांगायचं तर गुडघा थांबलाय. अगदी थांबलाय. हे मी काकांना अजून बोललेलो नाही. करंगळी मात्र तशीच. त्यासाठी हँडल जवळ आणणारा आखूड तुकडा लागतो, तर दुकानदार म्हणतो, ‘‘सर, कंपनीतून येतं तसंच येतं. सवय होईल.’’ कॅमेरे लावून, अंगाला ठिपके चिकटवून सायकल बसवून देणारी मंडळी पुण्यात आहेत, पण त्यांचा भाव ऐकून तिसरी जागासुद्धा बधिर झाली. म्हणजे सायकल विकणाऱ्यानं माप घ्यायचं नाही आणि माप घेणाऱ्याला वेगळे पैसे द्यायचे. आणि एवढं करून, सुतासुतानं बसवलेलं बूड नेऊन आपटायचं कुठे, तर सोसायट्यांनी आपापल्या गेटसमोर परस्पर घातलेल्या गतिरोधकांवर. पूर्वी या गावाला सायकलींचं शहर म्हणायचे. आता सायकल ट्रॅक आहेत, त्यांवर मोटारी उभ्या आहेत, त्यांच्यामध्ये विजेच्या पेट्या आहेत, आणि उरलेल्या जागेतून स्कूटरवाला उलटा येतो आणि आपल्यालाच ‘दिसत नाही का’ म्हणतो. या सगळ्यात आक्षेपार्ह काय, तर माझ्या पायातली वही.

काकांचं काम मात्र त्यांच्या लेखी संपलेलं नाही. सीट एखादा सूत जास्त वर राहिल्याचा त्यांना संशय आहे. तसं असलं की पेडल मारताना कंबर डावी-उजवी डुलते, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. आता मी सकाळी निघालो की ते गॅलरीत उभे असतात. आज गेटबाहेर पडतो न पडतो तोच वरून आरोळी आली.

‘‘अरे, बूड हलतंय!’’

दुधाच्या रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. चौथ्या मजल्यावरच्या बाई पिशवी हातात घेऊन दोन पावलं पुढे आल्या, नीट निरखून बघितलं आणि वर तोंड करून म्हणाल्या, ‘‘हलतंय हो काका. डावीकडे जास्त.’’