होज काही निघेना

मिशिगनमध्ये जानेवारीच्या ऐन थंडीत आमच्या गाडीचा हीटर रुसला. बाहेर उणे पंधरा, आत ब्लोअर पूर्ण जोरात, आणि पायांवर हवा येतेय ती बाहेरच्याहून थंड. निदान मला तरी तसं वाटलं.

गाडीच्या हीटरला स्वतःचं असं काही जाळावं लागत नाही. इंजिनाला गार ठेवणारं आणि त्यानेच तापवलेलं द्रव, म्हणजे कूलंट, डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा मारतो. फुकटची ऊब, आपल्या स्वभावाला अगदी मानवणारी. मी हात लावून पाहिलं, तर आत जाणारा होज, म्हणजे रबरी पाइप, कढत आणि परत येणारा जेमतेम कोमट. म्हणजे कोअर गाळाने तुंबलेला. उपाय सोपा : दोन्ही होज काढा, उलट्या बाजूने पाणी सोडा, गाळ बाहेर. "तिथं मेकॅनिक मिळत नाहीत का रे?" असं आईने सांगलीहून विचारलं. मिळतात, आणि तासाला दीडशे डॉलर घेतात, हे सांगितल्यावर तीच म्हणाली, "मग तूच कर."

व्हिडिओतला माणूस म्हणतो, "आता होज काढून घ्या," आणि पुढच्या क्षणी होज त्याच्या हातात असतो. मधे काय घडलं ते तो दाखवत नाही. ते असं असतं.

आधी क्लॅम्प, म्हणजे होज आवळून धरणारं कडं. स्प्रिंगचा. त्याचे दोन कान पक्कडीने दाबायचे की तो सैल होतो. पण बसवणाऱ्याने ते कान नेमके मागच्या पत्र्याकडे वळवून ठेवलेले. बहुधा तेव्हा पुढ्यात इंजिन नसावं. तिथवर हात जातो, पक्कडही जाते, दोन्ही मिळून जात नाहीत. शेवटी पक्कड डाव्या हातात, टॉर्च दातांत आणि तोंडातल्या तोंडात अस्सल सांगली, अशा अवस्थेत क्लॅम्प सरकला.

होज मात्र जागचा हलेना. वर्षानुवर्षं तापून-निवून रबर कोअरच्या नळीला असं धरून बसतं, की पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूनेही शिकावं. बरं, जोर लावून ओढायचीही सोय नाही. नळी अॅल्युमिनियमची. वाकली किंवा तडकली की कोअर नवा, आणि त्यासाठी बहुतेक गाड्यांत सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून ओढायचं नाही, पिळायचं. इंजिन गरम असताना रबर मऊ असतं, पण हात भाजतो. गार झाल्यावर हात शाबूत, रबर कडक. मधला मार्ग म्हणून बायकोचा हेअर ड्रायर आणला. "माझा आहे तो," ती दारातून म्हणाली. गाडीही तिचीच होती, त्यामुळे वाद वाढला नाही.

नाशिकहून मेव्हणा व्हिडिओ कॉलवर हजर. "दाजी, तेल सोडा की थोडं!" तेलाने हे रबर फुगतं, हे त्याला समजावेपर्यंत माझी बोटं बधिर.

इतक्यात शेजारचे आजोबा आले. उभी हयात मोटारीच्या कारखान्यात गेलेली. त्यांनी वाकून पाहिलं आणि खिशातून ब्लेडचा चाकू काढला. "काप."

"पण होज चांगला आहे!"

आमच्या घरात दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळत घालतात. धडधाकट होज कापायचा? दहा-बारा डॉलरच्या होजपायी मी हजार डॉलरचं काम ओढवून घेतोय, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. आकडा ऐकून संस्कार सैल झाले. टोकाला जेमतेम इंचभर उभी चीर, तीही हलक्या हाताने, कारण पात्याचा ओरखडा नळीवर उठला की तिथूनच गळती. चिरेच्या कडा उचकटल्या आणि होज निमूट सुटला. दुसऱ्यासाठी चाकू सरसावला, तर तो नुसता पिळल्याबरोबर हातात आला. त्या लबाडाला काय म्हणावं!

बाहेरचा नळ हिवाळ्यात बंद, म्हणून तळघरातल्या नळापासून खिडकीतून पाइप ओढला. पाणी बेताच्याच दाबाने सोडलं. आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग नितळ. खाली परात ठेवली होतीच. कूलंट गोड लागतं, कुत्री चाटतात आणि जिवाला मुकतात.

मी नवा होज आणून ठेवला होता. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. जुन्याला ढील भरपूर होती. त्यांनी चिरलेला इंचभर तुकडा छाटला आणि तोच परत बसवला, क्लॅम्पचे कान या वेळी माणसांकडे करून. कूलंट भरलं, हवा काढली, आणि काही मिनिटांत पायांवर गरम झोत आला.

बायकोने काचेवरची वाफ पुसली आणि विचारलं, "नव्या होजची पावती जपून ठेवलीयस ना? परत घेतात ते."