९ मिमीचे दिवस संपलेले नाहीत: '.३० सुपर कॅरी'च्या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी ब्रूएन खटल्याचा निकाल दिला आणि न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या ज्या राज्यांत सामान्य नागरिकाला पिस्तूल अंगावर बाळगण्याचा परवाना जवळजवळ मिळतच नसे, तिथे तो मिळू लागला. तेव्हापासून न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींतही परवाना काढणारे दिसू लागले आहेत आणि त्यांच्यात एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: फेडरल कंपनीचे '.३० सुपर कॅरी' हे नवे काडतूस ताकदीत ९ मिमी या प्रचलित पिस्तुली काडतुसाच्या बरोबरीचे आहे, त्याचा धक्का मात्र .३८० या लहान, कमी ताकदीच्या काडतुसाइतकाच सौम्य आहे, तेवढ्याच आकाराच्या पिस्तुलात दोन-तीन काडतुसे जास्त बसतात, एफबीआयच्या कसोटीला ते उतरते, आणि म्हणून पहिले पिस्तूल घेणाऱ्याने ९ मिमीच्या वाटेला जाऊच नये.

हा मजकूर सर्वस्वी खोटा असता तर त्याचा एवढा समाचार घेण्याचे कारण नव्हते. त्यातली निम्मी विधाने खरी आहेत आणि त्यांच्या आधाराने काढलेला निष्कर्ष नवख्या माणसाला चुकीच्या दुकानात नेऊन उभा करतो, म्हणून प्रत्येक विधान वेगळे काढून पाहणे मला आवश्यक वाटते.

आधी हे काडतूस काय आहे ते सांगतो. फेडरलने ते जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आणले. तळहातावर ९ मिमीचे आणि हे अशी दोन काडतुसे शेजारी ठेवली तर दोघांची उंची एकसारखी दिसते, कारण दोघांचीही कमाल लांबी १.१६९ इंच, म्हणजे सुमारे २९.७ मिलिमीटर आहे. फरक आहे तो जाडीत. ९ मिमीच्या पुंगळीचा तळ जवळजवळ १० मिलिमीटर रुंद, तर याचा पावणेनऊच्या आसपास. गोळीचा व्यास ९ ऐवजी ७.९ मिलिमीटर. बोटांत धरल्यावर ते पेन्सिलीच्या तुकड्यासारखे सडपातळ लागते. पुंगळीत जागा कमी झाल्यामुळे तेवढीच ऊर्जा मिळवायची तर आतला दाब वाढवावा लागतो, आणि तो बराच वाढवलेला आहे: ९ मिमीची कमाल मर्यादा ३५,००० पौंड प्रति चौरस इंच, तर याची ५०,०००. .३८० ची मर्यादा २१,५०० आहे. हे तीन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यांच्यातूनच निघतात.

भारतातून आलेल्या काहींचा इथे एक गैरसमज होतो, तोही दूर करतो. आपल्याकडे ९ मिमी हे नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर (नळीचे माप) असल्यामुळे परवानाधारकांच्या घरी दिसते ते बहुधा .३२. त्या पिस्तुलाच्या गोळीचा व्यास आणि या नव्या गोळीचा व्यास जवळजवळ सारखा असल्याने 'हे आपले जुने .३२ च' असे कोणी म्हणतात. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाची दाबाची मर्यादा २०,५०० पौंड आहे, म्हणजे नव्याच्या निम्म्याहूनही कमी. व्यास सारखा असला तरी ही दोन अगदी वेगळी काडतुसे आहेत, आणि एकाचे दुसऱ्याच्या पिस्तुलात घालून पाहण्याचा विचारही कोणी करू नये.

आता ताकदीचा दावा. फेडरलच्या १०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) एचएसटी या स्वसंरक्षणाच्या गोळीचा जाहीर वेग १,२५० फूट प्रतिसेकंद आहे आणि त्यातून ऊर्जा येते ३४७ फूट-पौंड. त्याच कंपनीची ९ मिमीची १२४ ग्रेनची एचएसटी १,१५० फूट वेगाने ३६४ फूट-पौंड देते. फरक पाच टक्क्यांच्या आतला आहे, तेव्हा 'बरोबरीचे' हा शब्द मी ऊर्जेपुरता मान्य करतो. मात्र गोळी मुळातच बारीक असल्यामुळे तिला शरीरात शिरल्यावर फुलून रुंद होण्याची सुरुवातच मागून करावी लागते, आणि ९ मिमीत १४७ ग्रेनपर्यंतच्या जड गोळ्यांची जी निवड मिळते ती इथे नाही. बरोबरी साधली, आघाडी घेतली नाही. जे आधीच सहज मिळते त्याच्याशी बरोबरी करणाऱ्या वस्तूने आपले वेगळेपण दुसरीकडे कुठेतरी सिद्ध करायला हवे.

ते वेगळेपण धक्क्यात आहे असे मजकूर म्हणतो, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप इथेच आहे. धक्का ऊर्जेपेक्षा संवेगावर, म्हणजे गोळीचे वजन गुणिले वेग यावर, जास्त अवलंबून असतो. हिशेब कोणालाही करता येईल: ९ मिमीचा १२४ गुणिले १,१५०, म्हणजे १,४२,६००. सुपर कॅरीचा १०० गुणिले १,२५०, म्हणजे १,२५,०००. .३८० मधल्या ९९ ग्रेनच्या एचएसटीचा जाहीर वेग १,०३० फूट आहे, म्हणजे जवळजवळ १,०२,०००. नवे काडतूस ९ मिमीपेक्षा साधारण बारा टक्क्यांनी सौम्य आणि .३८० पेक्षा जवळजवळ तेवीस टक्क्यांनी कडक ठरते, आणि त्यात नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूचा भाग अजून धरलेलाच नाही. ९ मिमीपेक्षा थोडे मऊ, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल. '.३८० इतके सौम्य' हे विधान गणितात टिकत नाही.

कागदावरच्या या बारा टक्क्यांचे बंदिस्त मैदानात काय होते ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या ओळखीच्या एका वहिनींच्या मनगटात संधिवाताची सुरुवात आहे. त्यांना घेऊन मी सरावाला गेलो, आणि स्मिथ अँड वेसनचे शील्ड ईझी हे एकच मॉडेल त्यांनी आधी ९ मिमीत आणि मग सुपर कॅरीत चालवून पाहिले. पहिल्या पाच गोळ्या त्यांनी ९ मिमीच्या मारल्या. हात उचलला गेला, पण छिद्रे कागदावर तळहाताएवढ्या जागेत पडली. नंतर सुपर कॅरीचे मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायची काडतुसांची पेटी, भरून दिले. मनगटाला धक्का किंचित कमी वाटला असे त्या स्वतःच म्हणाल्या. पण कानांवर दुहेरी संरक्षण असूनही त्याचा आवाज तीक्ष्ण, फटका मारल्यासारखा होता, आणि तिसऱ्या गोळीपासून चाप दाबण्याच्या आधीच त्यांचे डोळे मिटू लागले. छिद्रे खाली डावीकडे सरकली. ५०,००० पौंडांचा दाब आखूड नळीच्या तोंडाशी मोकळा होतो तेव्हा जे होते ते असेच होते. नवख्या माणसाचा नेम धक्क्याने जेवढा बिघडतो तेवढाच धमाक्याच्या धास्तीनेही बिघडतो. त्या मजकुरात आवाजाचा साधा उल्लेखही नाही.

याच अनुभवात आणखी एक उत्तर आहे. 'बायकांना आणि वयस्करांना सोपे' अशी जी शिफारस नव्या काडतुसाच्या नावाने केली जाते, तिच्यातला सोपेपणा पिस्तुलाच्या रचनेतून येतो. ईझीची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला हलकी आहे ती तिच्या बांधणीमुळे, आणि ती ९ मिमीतही तशीच मिळते.

.३८० शी केलेली तुलना दुसऱ्या कारणानेही चुकते. .३८० निवडणारा माणूस बहुधा ते अतिशय लहान पिस्तुलासाठी निवडतो, जसे रूगरचे एलसीपी, जे पँटच्या खिशात मावते. .३८० च्या काडतुसाची कमाल लांबी २५ मिलिमीटर असल्यामुळे तेवढी लहान मूठ शक्य होते. सुपर कॅरी ९ मिमीइतकेच लांब आहे, म्हणून मुठीची पुढून मागची खोली ९ मिमीइतकीच ठेवावी लागते. जागा वाचते ती जाडीत. याचा अर्थ ते .३८० च्या खिशातल्या पिस्तुलाची जागा घेऊ शकत नाही. त्याची स्पर्धा थेट ९ मिमीशीच आहे.

काडतुसांची संख्या हा मजकुरातला सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. स्मिथ अँड वेसनच्याच शील्ड प्लस या पिस्तुलाच्या लांब मॅगझिनमध्ये ९ मिमीची १३ बसतात, सुपर कॅरीची १६. ईझीमध्ये ८ च्या जागी १०. पेन्सिल्व्हेनियात किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्याला ही तीन काडतुसे खरोखरच जास्त मिळतात, आणि त्याने त्यासाठी हे पिस्तूल घेतले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु हा मजकूर फिरतो आहे तो न्यू जर्सीत, आणि इथे २०१८ पासून मॅगझिनची कायदेशीर मर्यादा १० आहे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातही दहाच. सोळाचे मॅगझिन इथे बाळगणे हा गुन्हा आहे, आणि असा सल्ला शेजाऱ्याला देताना ही एक ओळ गाळली जावी, याचा मला खरोखर राग येतो. दहाच्या मर्यादेत लाभ उरतो तो ईझीसारख्या मॉडेलात, आठाचे दहा. तेवढा तो खरा आहे.

शिवाय ज्या उणिवेवर हे काडतूस उपाय म्हणून आले ती २०२२ पर्यंत बरीचशी भरून निघाली होती. दहा-बारा वर्षांपूर्वी सडपातळ ९ मिमी पिस्तुलात सहा-सात काडतुसे बसत. २०१८ मध्ये सिग कंपनीने पी३६५ हे पिस्तूल आणले आणि जेमतेम तेवढ्याच आकारात दहा बसवली, ती मॅगझिनची बांधणी बदलून. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डचे हेलकॅट अकराची क्षमता घेऊन आले. काडतूस न बदलता प्रश्न सुटला होता.

एफबीआयच्या कसोटीचा उल्लेख मजकुरात प्रमाणपत्रासारखा येतो. तिचा इतिहास ९ मिमीशी जोडलेला आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत दोन एजंट मारले गेले. एका हल्लेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिमीची गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली होती आणि तो त्यानंतरही लढत राहिला. त्यातूनच मांसाच्या जागी धरलेल्या दहा टक्के जिलेटिनमध्ये, कपड्यांचे थर मध्ये ठेवून, गोळीने १२ ते १८ इंच शिरावे हा निकष ठरला. एफबीआय आधी १० मिमीकडे, मग १९९० मध्ये आलेल्या .४० स्मिथ अँड वेसनकडे वळली. पुढे गोळ्यांची रचना सुधारली, आणि २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने असे मांडले की आधुनिक गोळ्यांमुळे पोलीस सेवेत वापरल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या मापांच्या काडतुसांच्या परिणामातला फरक उरलेला नाही आणि बहुतेकांचा नेम ९ मिमीने जलद आणि अचूक लागतो. सुपर कॅरी त्या कसोटीत चांगले उतरते, हे खरे. .३८० च्या फुलणाऱ्या गोळ्या अनेकदा बारा इंचांच्या आतच थांबतात, म्हणून त्यांच्यापुढे हे काडतूस निःसंशय सरस आहे. पण ९ मिमीच्या चांगल्या गोळ्याही त्याच कसोटीला उतरतात, तेव्हा ९ मिमी टाकण्याचे कारण या कसोटीतून मिळत नाही.

न्यू जर्सीच्या वाचकासाठी शेवटची अडचण कायद्याची आहे. इथे पोकळ टोकाची, म्हणजे लागल्यावर फुलणारी, गोळी घर आणि सरावाचे मैदान सोडून बाहेर बाळगण्यावर बंधन आहे. त्यामुळे परवानाधारक सहसा टोकात पॉलिमर भरलेल्या गोळ्या वापरतात, ज्या राज्य पोलीस पोकळ टोकाच्या मानत नाहीत, आणि ९ मिमीत अशा गोळ्या सहज मिळतात. सुपर कॅरीची स्वसंरक्षणासाठी सुरुवातीला आलेली प्रमुख काडतुसे, फेडरलची एचएसटी आणि स्पीअरची गोल्ड डॉट, दोन्ही पोकळ टोकाची आहेत. परवान्यासाठी प्रशिक्षण आणि नेमबाजीची चाचणी आहे, आणि तिच्या आधी-नंतर सरावासाठी खोकीच्या खोकी लागतात. ९ मिमी हे नाटोचे प्रमाणित काडतूस आहे, पुण्याच्या खडकीच्या कारखान्यापासून जगभर ते बनते, आणि म्हणूनच ते सहसा सर्वांत स्वस्त मिळते. नव्या काडतुसाला हा पाया नाही. २००३ मध्ये आलेल्या .४५ गॅप या काडतुसाला तर काही राज्यांच्या पोलिसांनी स्वीकारले होते, तरी त्यांनी ते पुढे सोडले आणि ज्यांनी ती पिस्तुले घेतली त्यांच्यावर काडतुसे शोधत फिरण्याची वेळ आली.

वहिनींनी अखेर ९ मिमीचे ईझी घेतले. मॅगझिनमध्ये आठ, टोकात पॉलिमर भरलेली. दर दुसऱ्या शनिवारी त्या पन्नासाचे एक खोके संपवतात आणि आता चाप दाबताना त्यांचे डोळे उघडे असतात.