उसाचा पाला डोळ्याला लागला, तर मेडिकलमधून थेंब आणू नका

गळीत हंगाम जवळ आला की आपल्या सांगली जिल्ह्यात मोळीपूजनाच्या बातम्या सुरू होतात आणि त्याच सुमारास कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसानिमित्त मोफत नेत्रतपासणी शिबिरांचे फलकही चौकाचौकात लागतात. या शिबिरांना माझा आक्षेप नाही. मोतीबिंदू हे आपल्या देशातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आहे आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर गेलेली नजर परत येते, म्हणून ही शिबिरे व्हायलाच हवीत. परंतु त्यांच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी बसतात. ऊसतोडीत, भांगलणीत, मळणीत आणि फवारणीत डोळा दुखावून घेणारी तरणीताठी माणसे तिथे क्वचितच दिसतात आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलतही नाही. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्यांमध्ये मोतीबिंदू पहिला आला. मात्र पन्नाशीच्या आतल्या लोकांमध्ये अंधत्वाचे पहिले कारण निघाले ते बुबुळावरचा पांढरा डाग, म्हणजे ज्याला आपण डोळ्यात फूल पडणे म्हणतो ते.

माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या शिवारात असे फूल पडते, तेव्हा पुष्कळदा पाल्याने केलेल्या जखमेपेक्षा त्या जखमेवर घातलेला चुकीचा थेंब जास्त नुकसान करतो.

उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते, हे हात कापून घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती बुबुळावरून ओढली गेली की वरचा पातळ थर खरवडला जातो. नुसता ओरखडा असेल तर तो बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतो. पण पाल्यावर, पाचटावर आणि मातीत बुरशी असते आणि ती त्या ओरखड्यातून आत शिरली तर सुरुवातीला फारसे काही जाणवत नाही. डोळा खुपतो, पाणी येते, थोडी लाली दिसते. नेमक्या याच वेळी माणूस गावातल्या मेडिकलमध्ये जातो, ‘डोळा आलाय, काहीतरी द्या’ म्हणतो आणि काउंटरवरचा मुलगा एक बाटली पुढे सरकवतो.

आमच्या भावकीतल्या वाळवा तालुक्यातील एका चुलत्यांच्या बाबतीत हेच घडले. त्या थेंबांनी दुसऱ्या दिवशी लाली ओसरली, ठणका कमी झाला आणि काका पुन्हा पाला काढायला गेले. आठवड्याभराने बुबुळावर पांढरा ठिपका उमटला आणि उजेडाकडे बघवेना, तेव्हा त्यांना मिरजेला नेले. मी सोबत होतो. डॉक्टरांनी कागदाची एक केशरी पट्टी खालच्या पापणीच्या आत टेकवली आणि निळा उजेड टाकला, तेव्हा बुबुळावर जखमेचा भाग हिरवागार चमकला. मग बधिर करणारा थेंब घालून जखमेतला थोडा अंश पात्याने खरवडून काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले. आधी घातलेल्या थेंबांची बाटली त्यांनी मागून घेतली. तिच्यावर बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन लिहिलेले होते.

हे स्टेरॉइड आहे. ते वाईट औषध नव्हे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेवर डॉक्टर तेच देतात. पण स्टेरॉइड डोळ्याची प्रतिकारशक्ती दाबते. लाली म्हणजे शरीर लढत असल्याची खूण असते. ती लढाईच थांबवली की डोळा पांढरा दिसतो, माणसाला बरे वाटते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. काकांना नंतर बुरशीवरचे नाटामायसिनचे थेंब सुरू झाले. ही बाटली हलवून वापरायची असते आणि सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा, थेंब घालावा लागतो. काकूंनी मोबाईलवर तासातासाचे गजर लावले होते. कित्येक आठवड्यांच्या उपचारानंतर डोळा वाचला, पण बुबुळाच्या मधोमध डाग राहिला आणि त्या डोळ्याने त्यांना आता समोरची बोटे तेवढी मोजता येतात.

वसंत-उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीतही हाच प्रकार चालतो. एकदा लिहून दिलेली बाटली आईवडील पुनःपुन्हा परस्पर आणतात, डोळ्यातला दाब हळूहळू वाढतो आणि काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. म्हणून बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिले असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नये. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदाही आहे. तो गावात किती पाळला जातो, हे आपण सगळेच जाणतो.

तरीही सगळा दोष मेडिकलवाल्याच्या माथी मारणे मला पटत नाही. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांपैकी एकाने दिवसभर दवाखान्यात बसायचे म्हटले तर कोयताच बंद पडतो, खाडा लागतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर असतेच. अशा माणसाला बाटली सोपी वाटणार. त्याला ‘नेत्रतज्ज्ञाकडे जा’ असे सांगून आपली जबाबदारी संपत नाही. उपचार त्याच्या फडापर्यंत पोहोचला पाहिजे.

तो पोहोचू शकतो, हे नेपाळमधल्या भक्तपूरने दाखवून दिले आहे. तिथे प्रशिक्षण दिलेल्या गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी बुबुळाला ओरखडा गेलेल्या लोकांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे मलम लावले. जखमेनंतर १८ तासांच्या आत जे आले, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात पुढे व्रण, म्हणजे चिघळलेली जखम (अल्सर), झाला नाही; उशीर केलेल्यांत मात्र झाला. ही पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. आशाताईंना केशरी पट्टी आणि निळ्या उजेडाची बॅटरी देऊन आपल्याकडे हे का जमू नये, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

चष्म्याबद्दल बोलले की ‘घामाने काच धुरकटते, मग तोडायचे कसे’ असे उत्तर येते आणि ते खरे आहे. म्हणूनच ऊस तोडताना बारीक जाळीचा चष्मा मला जास्त व्यवहार्य वाटतो. तो धुरकटत नाही आणि पात्याचा फटकारा अडवतो. फवारणीला मात्र जाळी चालणार नाही, तिथे चहूबाजूंनी बंद असलेला प्लॅस्टिकचा गॉगलच हवा.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदारांनी हे अधिक मनावर घ्यावे. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीला कोंब फुटावेत म्हणून काड्यांना लावले जाणारे हायड्रोजन सायनामाईड आणि बुरशीनाशक बोर्डो मिश्रणातला चुना, दोन्ही डोळ्याला घातक आहेत. चुना तर आम्लापेक्षाही वाईट, कारण तो बुबुळाच्या पेशी विरघळवत आत शिरत राहतो. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब दाबताना ती पोराच्या डोळ्यात फुटली, तरी परिणाम हाच. अशा वेळी गाडी शोधत बसू नये. आधी जागेवरच, पापण्या उघड्या धरून, किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चुन्याचे कण असतील तर ओल्या कापडाने टिपून काढावेत आणि मगच दवाखाना गाठावा. लिंबू, दूध, मध, तूप, यांपैकी काहीही घालू नये. बागेत औषध कालवण्याच्या टाकीशेजारी साध्या पाण्याचा एक वेगळा कॅन ठेवायला काहीच खर्च येत नाही.

साखर कारखान्यांकडे माझी मागणी छोटी आहे. मुकादमाशी करार होतो, त्याच वेळी प्रत्येक कोयत्यामागे दोन जाळीचे चष्मे द्यावेत आणि डोळ्याला मार लागलेल्या मजुराचा त्या दिवसाचा खाडा धरू नये. शिबिरे भरवणाऱ्या मंडळींनीही एखादे शिबिर हंगाम ऐन भरात असताना, संध्याकाळी मजूर फडातून परतल्यावर, थेट त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे राहत्या झोपड्यांवर, भरवावे.