हात हलवा, वीज वाचवा

विद्यापीठाच्या नव्या बहुउद्देशीय इमारतीच्या समितीवर तुमची वर्णी लागली असेल तर आधी अभिनंदन. प्रकाशयोजनेचं काम सोपं आहे. तिथं पुढे कोण बसणार, एवढं मात्र कुणाला विचारू नका.

सुरुवात खिडक्यांपासून करा. मराठवाड्यात ऊन फुकट मिळतं, म्हणूनच त्याला किंमत देऊ नये. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावा. छज्जा नको, फोटोत वाईट दिसतो. मग दुपारी तीनला तिरीप फळ्यावर आली की जाड पडदे ओढा आणि सगळे दिवे लावा. उत्तरेकडून दिवसभर सौम्य उजेड येतो. त्या बाजूला जिना आणि संडास काढा.

छताला गडद रंग द्या. पांढऱ्यानं उजेड उगं खाली परततो.

अख्खा हॉल एकाच बटणावर पेटला पाहिजे. प्रोजेक्टर लावताना फळ्याजवळचेच दिवे बंद करता येतात, असली चैन पोरांना कशाला? एकतर पडदा दिसेल, नाहीतर वही.

आणि माणूस नसला की दिवे विझवणारा सेन्सर! त्याशिवाय इमारत ‘ग्रीन’ होत नाही, तेव्हा दिसेल तिथं डकवा. परवा कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रावर, पेपर तपासायला अशाच एका नव्याकोऱ्या इमारतीत बसलो होतो. पडदे ओढलेले. गठ्ठा सोडला, लाल पेन उघडलं, जरा लय लागली आणि दिवे गेले. लाईट गेली म्हणावं तर पंखे चालू. हा सेन्सर अंगाची उष्णता हलली तरच माणूस आहे असं धरतो. आता पेपर तपासणारा हलून हलणार किती? पेनाच्या टोकाएवढा. त्यात मे महिना. भिंतीच अंगाएवढ्या तापलेल्या, त्यामुळे मास्तर कोणता आणि भिंत कोणती हे त्या यंत्राला कळेना. मग काय, कमरेला पट्टे बांधलेले पीएचडीवाले आळीपाळीनं भजनाला बसल्यागत हात वर करतायत! शेवटी शिपाईमामांना सेन्सरखाली येरझाऱ्या घालायला लावलं. दिवे किती वेळानं विझावेत ते ठरवायची सोय त्या सेन्सरमध्येच असते, पण ती फिरवायला एजन्सीचा माणूस पुण्याहून यायचा आहे म्हणे. आणि बाहेर व्हरांड्यात, जिथं माणसं येतात नि जातात, जिथं सेन्सर खरोखर लागतो, तिथं तो नाही. तिथले दिवे भर उन्हात दिवसभर चालू.

अहो, ३६ वॅटची ट्यूब नि तिचा चोक काढून १८-२० वॅटची एलईडी लावली की निम्म्याहून जास्त वीज तिथंच वाचते. उजेड मोजतात लक्समध्ये; वाचायला टेबलावर ३०० लक्स लागतात, बोळात १०० पुरतात. लक्समीटर ठेवून मोजायला किती वेळ लागतो? मोजलं कुणी? पाणी नाही म्हणून २०१५ साली परळीचं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, तो हा मुलूख. इथं वीज उधळताय आणि वर ऊर्जाबचतीची पाटी लावताय, जरा तरी लाज वाटू द्या. बिल पोरांच्या फीतूनच जातं ना? बसून काम करायच्या खोल्यांत सेन्सरची वेळ वीस मिनिटांवर न्या, खिडकीकडच्या रांगेची वायर वेगळी काढा, आणि व्हरांड्यातले ते दिवे आत्ताच्या आत्ता बंद करा. दुपारचे अडीच वाजलेत.