सिगारच्या डब्यातले १८०० डॉलर

डिसेंबर २०१८ मधला तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थोरले बुश यांची शवपेटी कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसदभवनाच्या घुमटाखाली ठेवली आहे. ९५ वर्षांचे माजी रिपब्लिकन सिनेटर बॉब डोल व्हीलचेअरवरून येतात, मदतनीस त्यांना आधार देऊन उभं करतो आणि ते डाव्या हाताने सलाम करतात. अजूनही अधूनमधून कुणीतरी तो फॉरवर्ड करतं. सलाम डाव्या हाताने का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. त्यामुळे असेल कदाचित, पण या माणसाच्या ९८ वर्षांच्या आयुष्यातली मला सगळ्यात ओळखीची वाटतात ती १९५३ ते १९६१ ही आठ वर्षं. कॅन्सस राज्यातल्या रसेल या आपल्या जन्मगावी डोल तेव्हा काउंटी अ‍ॅटर्नी होते. म्हणजे आपल्याकडचा सरकारी वकीलच, फक्त लोकांनी निवडून दिलेला. दर दोन वर्षांनी पुन्हा मतं मागायची. गव्हाची शेतं आणि तेलविहिरी यांच्यामधलं लहानसं गाव, जिथे आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार तिघेही वकिलाला नावाने ओळखतात.

या नोकरीत एक किरकोळ वाटणारं काम होतं. काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या गरजूंना दरमहा जी सरकारी मदत मिळे, तिच्या मंजुरीवर काउंटी अ‍ॅटर्नीची सही लागे. मदत घेणाऱ्यांत त्यांचे स्वतःचे आजी-आजोबा होते.

आपल्याकडे संजय गांधी निराधारच्या यादीत साहेबांच्या चुलत्याचं नाव निघालं तर काय होईल, विचार करा. एकतर फाईल खाली दबेल, नाहीतर चुलत्याला निरोप जाईल की बाबा, अर्ज मागे घे, माझी शोभा होतेय. डोल यांनी सह्या केल्या आणि पुढे राष्ट्रीय राजकारणात गेल्यावर ही गोष्ट स्वतःहून सांगितली. तीही अशा पक्षात राहून, जिथे सरकारी मदत घेणाऱ्याकडे फारसं प्रेमाने पाहत नाहीत.

त्यांच्या घरात गरिबी नवी नव्हती. वडील अंडी आणि साय खरेदीचं केंद्र चालवायचे, आई शिलाई मशिनं विकायची. मंदीच्या काळात घराचा वरचा भाग भाड्याने देऊन सगळं कुटुंब तळघरात राहायला गेलं. मुलगा उंचापुरा, बास्केटबॉल-फुटबॉल खेळणारा, डॉक्टर व्हायचं ठरवून कॉलेजात गेलेला. मग युद्ध आलं. सपाट कॅन्ससच्या या पोराला सैन्याने नेमकं घातलं दहाव्या माउंटन डिव्हिजनमध्ये!

१४ एप्रिल १९४५. इटलीतला अपेनाइन डोंगर. जखमी रेडिओवाल्याला ओढून आणायला गेले आणि उजव्या खांद्यात-पाठीत मारा बसला. सोबत्याने मॉर्फिन टोचलं आणि दुसऱ्या कुणी पुन्हा टोचू नये म्हणून त्यांच्याच रक्ताने कपाळावर एम काढला. इटलीतली लढाई त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत संपली. वकील म्हणून तारखांचं मला भारी वेड, त्यात ही तारीख फार जिव्हारी लागते.

पुढची तीनेक वर्षं इस्पितळात गेली. एक मूत्रपिंड काढावं लागलं. उजवा हात कायमचा गेला, डाव्याच्या बोटांतही पूर्ण जाण राहिली नाही. मिशिगनच्या लष्करी इस्पितळात हवाईचा एक तरुण भेटला, डॅनियल इनोये. डोल यांच्यानंतर आठवड्याभरात इटलीतच त्याचाही उजवा हात गेला होता. आधी वकील, मग काउंटी अ‍ॅटर्नी, मग काँग्रेस म्हणजे अमेरिकी संसद, असा बेत डोल यांनी त्याला सांगितला. त्या पठ्ठ्याने तोच बेत उचलला आणि डोल यांच्या दोन वर्षं आधी, १९५९ मध्ये काँग्रेसमध्ये जाऊन बसला. पक्ष विरुद्ध, मैत्री जन्मभर.

आता डब्याची गोष्ट. शिकागोत हंपार केलिकियन नावाचे अर्मेनियन शल्यचिकित्सक होते. लहानपणी नरसंहारातून वाचून निर्वासित म्हणून आलेले, आणि स्वतःचा भाऊ याच युद्धात इटलीत गमावलेले. ते म्हणाले, माझी फी नको. पण इस्पितळाचा खर्च तर होताच. रसेलमध्ये डॉसन यांच्या औषधाच्या दुकानात, जिथे शाळकरी डोल कधीकाळी काउंटरमागे सोडा भरून द्यायचे, सिगारचा रिकामा डबा ठेवला गेला. येणाऱ्याजाणाऱ्याने जमेल ते टाकलं. १८०० डॉलर जमले. तो डबा डोल यांनी पुढे जपून ठेवला. १९७६ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड यांच्यासोबत उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून ते रसेलला आले, गावकऱ्यांच्या त्या मदतीचा उल्लेख करताना गळा दाटला आणि भर सभेत रडू फुटलं. फोर्ड यांनीच उठून टाळ्या सुरू केल्या.

कायद्याचं शिक्षणही एकट्याने झालं नाही. लिहिता येईना म्हणून तासाला व्याख्यानं यंत्रावर ध्वनिमुद्रित करायची आणि घरी डाव्या हाताने सावकाश उतरवायची. परीक्षेत ते सांगायचे आणि पहिल्या पत्नी फिलिस लिहायच्या. म्हणून कुणी त्यांच्याबद्दल "स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला" असं लिहिलं की मला हसू येतं. हिमत होतीच, पण शर्टाची गुंडी लावायलाही झगडावं लागणाऱ्या माणसाला, आपण कुणाकुणाच्या हातांवर उभे आहोत हे पक्कं ठाऊक होतं.

की विसरायचेही? १९६५ मध्ये मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या विरोधात त्यांनी मत दिलं. तीन वर्षं सरकारी खाटेवर काढलेल्या माणसाने! निक्सनची पाठराखण, १९७६ च्या वादविवादात महायुद्धासकट सगळी युद्धं डेमोक्रॅटांच्या माथी मारणं, २०१६ मध्ये ट्रम्पना पाठिंबा, हे सगळं माझ्या पचनी पडत नाही. जिभेला धार होती आणि ती कुठे वापरावी याचं भान नेहमी नव्हतं.

पण सिनेटमधलं, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातलं पहिलं भाषण त्यांनी १४ एप्रिललाच केलं, १९६९ मध्ये, आणि विषय निवडला अपंगत्वाचा. १९७७ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न या डाव्या विचाराच्या विरोधकासोबत गरिबांच्या अन्नकुपनांचा कायदा सुधारला. १९९० च्या अपंग हक्क कायद्यामागे ते उभे राहिले. यात मला तो सह्या करणारा काउंटी अ‍ॅटर्नी दिसतो. उजव्या मुठीत कायम पेन धरलेलं, समोरच्याने हस्तांदोलनाला तो हात धरू नये म्हणून.

१९९६ ला अध्यक्षपदाची निवडणूक हरले. नंतर वॉशिंग्टनच्या महायुद्ध स्मारकासाठी पैसा उभा केला आणि नव्वदी ओलांडल्यावरही शनिवारी तिथे जाऊन म्हाताऱ्या सैनिकांना भेटत राहिले.

४ डिसेंबर २०१२. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार सिनेटपुढे होता. (आपल्या देशाने तो २००७ मध्येच मंजूर केला. आमच्याकडे पोलिओ झालेल्या एका वकीलमित्राला पहिल्या मजल्यावरच्या कोर्टात तारखेला दोघं जण उचलून नेतात, पण करार मंजूर आहे.) ८९ वर्षांचे डोल इस्पितळातून नुकतेच बाहेर आले होते. दुसऱ्या पत्नी एलिझाबेथ यांनी त्यांची व्हीलचेअर सभागृहात आणली. जुने सहकारी एकेक करून जवळ आले, वाकले, त्यांचा हात हातात घेतला. मग मतदान झालं. ६१ विरुद्ध ३८, करार मंजूर व्हायला लागणाऱ्या दोन तृतीयांशाला पाच मतं कमी.

त्या ३८ मध्ये कॅन्ससचे दोन्ही सिनेटर होते.